अ‍ॅव्हरेजचा अपूर्णांक उलटा असतो : एमपीजी, लिटर, किलो आणि युनिट यांचा हिशोब

प्रश्न रावेरकडचा आहे. अमेरिकेतला पुतण्या म्हणतो, त्याची गाडी ३२ एमपीजी देते. जर्मनीतल्या भाचीच्या गाडीच्या पडद्यावर ६,८ असा आकडा दिसतो. घरची सीएनजी गाडी किलोला २४ जाते. यातली सरस कोणती? शिवाय घरचा डिझेल पिकअप केळी भरून जाताना १२ देतो आणि रिकामा येताना १६, तर हिशोबाला १४ धरायचे ना?

आधी उत्तरं. पुतण्याची गाडी लिटरला १३.६ किमी, भाचीची १४.७. सीएनजी गाडी पेट्रोलच्या भाषेत साधारण १६ ते १७, म्हणजे तीच सरस. पिकअपला १४ धरू नका, १३.७ धरा. पिकअपमधला फरक किरकोळ वाटेल, पण खरी गोम तिथेच आहे, म्हणून त्यावर पुढे जास्त लिहिलं आहे.

एमपीजी म्हणजे एका गॅलनमध्ये किती मैल. यातला मैल एकच आहे, १.६०९३४४ किमीचा. गॅलन मात्र दोन आहेत. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटनचा ४.५४६ लिटरचा. अमेरिकेने इंग्रजांचा जुना, दारू मोजायचा गॅलन ठेवला आणि ब्रिटनने १८२४ मध्ये नवा, मोठा गॅलन ठरवला. तेव्हापासून हा घोळ आहे. ब्रिटनमध्ये आज पंपावर पेट्रोल लिटरनेच मिळतं, पण गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगताना तिथले लोक अजून त्यांच्या मोठ्या गॅलनवरच बोलतात. त्यामुळे एमपीजी ऐकलं की पहिला प्रश्न एकच: कोणत्या देशाचं? तोच ३२ चा आकडा अमेरिकेचा असेल तर १३.६ किमी/लिटर आणि ब्रिटनचा असेल तर ११.३. फरक २० टक्क्यांचा.

अचूक गुणक असे आहेत. अमेरिकी एमपीजीला ०.४२५१ ने गुणलं की किमी/लिटर मिळतात, ब्रिटिश एमपीजीला ०.३५४० ने. उलट जायचं असेल तर किमी/लिटरला अनुक्रमे २.३५२ आणि २.८२५ ने गुणा. एमपीजीवरून थेट १०० किमीला किती लिटर हे हवं असेल, तर अमेरिकी आकड्याने २३५.२ ला भागा आणि ब्रिटिश आकड्याने २८२.५ ला.

मोबाइल न काढता करायचं असेल तर अमेरिकी आकडा निम्मा करा आणि त्यातून १५ टक्के वजा करा. ३२ चे निम्मे १६, त्याचे १५ टक्के २.४, उरले १३.६. ही युक्ती जवळपास अचूक आहे. ब्रिटिश आकड्याला तीनने भागून ६ टक्के वाढवा: ३२ भागिले ३ म्हणजे १०.६७, त्यात ०.६४ मिळवले की ११.३. मैलाला १.६ आणि गॅलनला ३.८ असे गोल आकडे घेऊन भागाकार केला तर उत्तर एक टक्क्याने कमी येतं. गप्पांना ते चालतं, दोन गाड्यांची तुलना करताना नको. गोल करायचं ते शेवटच्या पायरीवर. आणि एमपीजीचा आकडा किमी/लिटरच्या आकड्यापेक्षा नेहमी दुपटीहून मोठाच असतो; उत्तर उलटं आलं तर गुणायच्या जागी भागलं आहे, असं समजा.

भाचीच्या पडद्यावरचा ६,८ म्हणजे सहा पूर्णांक आठ. जर्मनीत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात, म्हणून कुणी तो ६८ वाचतो आणि चक्रावतो. तो १०० किमीला लागणाऱ्या लिटरचा आकडा आहे. किमी/लिटर हवे असतील तर १०० ला ६.८ ने भागा: १४.७. उलट यायलाही तेच करायचं, १०० ला १४.७ ने भागायचं. दोन्ही आकड्यांचा गुणाकार १०० आला पाहिजे, हाच ताळा. स्वीडनमध्ये कुणी ०.७ सांगितलं तर दचकू नका. तिथला मैल १० किमीचा, त्यामुळे ०.७ म्हणजे १०० किमीला ७ लिटर. जपानमध्ये आपल्यासारखंच किमी/लिटर चालतं.

आता पिकअपचा १४. आपल्याकडे ‘गाडी कितलं अ‍ॅव्हरेज देस?’ असं विचारतात, आणि गंमत अशी की ज्या आकड्याला आपण अ‍ॅव्हरेज म्हणतो त्याचीच सरळ सरासरी काढता येत नाही. कारण किमी/लिटर हा उलटा अपूर्णांक आहे. खिशातून जातात ते लिटर, आणि ते या अपूर्णांकात खाली बसले आहेत. प्रत्येक टप्प्याचे लिटर वेगळे असताना नुसते अ‍ॅव्हरेजचे आकडे मिळवून दोनने भागून चालत नाही.

म्हणून प्रत्येक टप्प्याचे आधी लिटर काढा. जाताना १०० किमी भरलेला: १०० भागिले १२, ८.३३ लिटर. येताना १०० किमी रिकामा: १०० भागिले १६, ६.२५ लिटर. एकूण २०० किमीला १४.५८ लिटर, म्हणजे १३.७. दोन आकडे जेवढे लांब तेवढी चूक मोठी. सावदा-फैजपूरहून उत्तरेकडे केळी नेणारा ट्रक भरून ३.५ आणि रिकामा ६ देतो असं समजा. साधी सरासरी ४.७५. जाऊन-येऊन २००० किमीला त्या हिशोबाने ४२१ लिटर लागायला हवेत. खरे लागतात २८६ अधिक १६७, म्हणजे ४५२ च्या वर. एका खेपेत ३१ लिटरचा फरक. डिझेल ९० रुपये धरलं तरी २,८०० रुपये झाले, आणि मग मालक ड्रायव्हरवर डिझेल चोरल्याचा संशय घेतो. चोरी नसते, भागाकार चुकलेला असतो.

साधी सरासरी बरोबर येते अशी एक वेळ आहे: दर वेळी लिटर सारखेच असतील तेव्हा. म्हणजे भाव न बदलता दर वेळी ५०० चंच पेट्रोल टाकणारा दुचाकीवाला त्या आकड्यांची सरळ सरासरी काढू शकतो, मात्र प्रत्येक वेळी टाकी तितकीच रिकामी झालेली हवी. अंतर सारखं असेल तर नाही, लिटर सारखे असतील तरच.

याच उलट्या अपूर्णांकामुळे बचतीचाही अंदाज चुकतो. दुचाकी ५० वरून ६० वर आली की माणूस खूश होतो. बघा: १०० किमीला २ लिटर लागायचे, आता १.६७ लागतात, वाचलं ०.३३ लिटर. ट्रक ४ वरून ५ वर आला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण १०० किमीला २५ लिटर लागायचे तिथे २० लागतात. वाचले ५ लिटर, पंधरापट. म्हणून घरात एकापेक्षा जास्त गाड्या असतील तर पैसा आणि वेळ आधी सगळ्यात कमी अ‍ॅव्हरेजच्या गाडीवर लावा: टायरची हवा, एअर फिल्टर, इंजेक्टर, चिकटलेले ब्रेक. अमेरिकेत २०१३ च्या मॉडेलांपासून नव्या गाडीच्या लेबलवर एमपीजीसोबत १०० मैलांना किती गॅलन हेही छापतात, ते याच कारणाने. आपल्याकडेही ते छापायला हवं, असं माझं मत आहे.

मालवाहतुकीला तर नुसतं किमी/लिटरही पुरत नाही. ट्रक ३.५ देतो आणि पिकअप १२, म्हणून पिकअप स्वस्त असं नाही. ट्रकमध्ये १६ टन माल असेल तर १०० किमीला लागणारे २८.६ लिटर १६ ने भागा: टनामागे १.८ लिटर. पिकअपमध्ये दीड टन असेल तर ८.३३ भागिले १.५, म्हणजे टनामागे ५.६ लिटर. जवळच्या बाजाराला पिकअप ठीक, लांबच्या वाटेला ट्रकच.

सीएनजीत घोटाळा एककाचा आहे. पंपावरचं यंत्र किलो मोजतं आणि ते योग्यच आहे, कारण वायूचं आकारमान दाबाने बदलतं, वजन बदलत नाही. पण बाटल्यावर, म्हणजे सिलिंडरवर, ६० लिटर लिहिलेलं असतं, ते त्यात किती पाणी मावेल याचं माप आहे. २०० बारच्या दाबाला त्यात साधारण ८ ते १० किलो गॅस बसतो. ६० ने भागून अ‍ॅव्हरेज काढणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं. मे महिन्यात दुपारी भरला तर तितक्याच दाबाला गॅस कमी बसतो. त्यामुळे ‘एका बाटल्यात किती गेली’ हे माप नको, पावतीवरचे किलो घ्या.

किलो आणि लिटर यांची तुलना दोन प्रकारे होते. ऊर्जेने पाहिलं तर एक किलो सीएनजी म्हणजे अंदाजे १.४ ते १.५ लिटर पेट्रोल. तुमचे २४ त्या हिशोबाने १६ ते १७. वजनाने पाहिलं तर पेट्रोलची घनता ०.७४५ च्या आसपास असते, म्हणून लिटरला १८ जाणारी पेट्रोल गाडी किलोला २४ जाते. म्हणजे २४ आणि १८ हे आकडे दिसायला लांब असले तरी वजनाच्या मापाने सारखेच आहेत. सीएनजीचा फायदा भावात आहे, आणि भाव तपासायला भागाकार एकच: दर भागिले अ‍ॅव्हरेज. पेट्रोल १०५ आणि सीएनजी ९० धरलं तर १०५ भागिले १८ म्हणजे किमीला ५.८३ रुपये, ९० भागिले २४ म्हणजे ३.७५ रुपये. त्या दिवशीचे तुमच्या पंपाचे दर घालून करा. बहुतेक सीएनजी गाड्या सुरू होताना थोडं पेट्रोल पितात. रोज चार-पाच किमीच्या फेऱ्या मारणाऱ्याला ते जाणवतं. त्याचे पैसे सीएनजीच्या खर्चात मिळवायला विसरू नका.

विजेच्या गाडीचं थोडक्यात. १०० किमीला १५ युनिट, युनिटला ६.७ किमी आणि किमीला १५० वॉट-तास हे तिन्ही एकच. अमेरिकी कागदावर एमपीजीई दिसतं, तिथे ३३.७ युनिट म्हणजे एक अमेरिकी गॅलन धरतात. या गाडीचं ते १४० होतं, आपल्या भाषेत लिटरला ५९. आकडा भारी दिसतो, पण दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये जळालेल्या कोळशापैकी किती उष्णता वाया जाऊन वीज हाती आली, हे त्यात धरलेलं नाही. खर्चासाठी तो वापरू नका. घरच्या मीटरवरचे युनिट घ्या, गाडीच्या पडद्यावरचे नको. चार्जिंगमध्ये साधारण १० ते १५ टक्के वाया जातात आणि बिल मीटरवर येतं.

कागदावर अ‍ॅव्हरेजऐवजी किमीला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा आकडा असेल तर तोही उलटवता येतो. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो वायू निघतो, डिझेलचा सुमारे २.६५. पेट्रोल गाडीचे १२० ग्रॅम म्हणजे १०० किमीला १२ किलो; १२ भागिले २.३, म्हणजे १०० किमीला ५.२ लिटर, लिटरला १९.

आता ट्रॅक्टर. त्याला किमी/लिटर लावणं चुकीचं आहे, फार तर ट्रॉली ओढताना चालेल. शेतात दोनच मापं कामाची: तासाला किती लिटर आणि एकराला किती लिटर. या दोन्हींना जोडणारा आकडा म्हणजे तासाला किती एकर. सहा फुटी, म्हणजे १.८ मीटरचा रोटाव्हेटर ताशी ३ किमीने चालला तर तासाला ५,४०० चौरस मीटर होतात. वळणं आणि एकमेकांवर येणारे पट्टे यांचे २० टक्के वजा करा, उरले ४,३२०. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणजे तासाला १.०७ एकर. ट्रॅक्टर तासाला ६ लिटर घेत असेल तर एकराला ५.६ लिटर, हेक्टरला १३.९. भाड्याने रोटाव्हेटर मारणाऱ्याने दर याच आकड्यावर ठरवावा, तासावर नाही. ओल्या काळ्या जमिनीत वेग दोनवर आला की तासाचं डिझेल तेवढंच राहिलं तरी एकराचं दीडपट होतं. पट्टा अरुंद आणि लांब असेल तर वळणं कमी, चौकोनी तुकड्यात जास्त. तो २० टक्क्यांचा आकडा त्याप्रमाणे बदला.

तास मोजताना एक फसगत होते. जुन्या ट्रॅक्टरचं तासाचं मीटर घड्याळ नसतं, ते इंजिनाचे फेरे मोजतं. ठरलेल्या फेऱ्यांवरच त्याचा तास खऱ्या तासाएवढा होतो. कमी रेसवर चालवलं तर मीटर मागे राहतं आणि तासाचं डिझेल फुगलेलं दिसतं. मनगटावरचं घड्याळ लावा.

मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या ट्रॅक्टर चाचणी अहवालात डिझेलचा आकडा किलोवॉट-तासाला ग्रॅम असा असतो. त्याचे लिटर असे करा: अहवालातला आकडा २६० ग्रॅम असेल आणि ट्रॅक्टर ३० किलोवॉट ताकद लावत असेल तर तासाला ७.८ किलो डिझेल. डिझेलची घनता ०.८३, म्हणून ७.८ भागिले ०.८३, तासाला ९.४ लिटर. हा जवळपास पूर्ण भाराचा खर्च आहे. वखरणीला एवढा भार नसतो.

हे सगळं गणित ठीक, पण आत घातलेले किमी आणि लिटरच चुकीचे असतील तर दशांशापुढचे आकडे कशाला? लिटर मोजायला टाकी फुल ते टाकी फुल हीच पद्धत धरा. पहिल्या ऑटोकटला, म्हणजे नोझल आपोआप बंद झालं की थांबा, ते हलवून वर भरू नका. ट्रिप मीटर शून्य करा, निदान अर्धी टाकी चालवा, मग त्याच पंपाच्या त्याच यंत्रावर, गाडी त्याच जागी उभी करून पुन्हा पहिल्या ऑटोकटपर्यंत भरा. ऑटोकटला अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. १० लिटरला तो ५ टक्के होतो, ३० लिटरला पावणेदोन. दुचाकीची कसोटी दोन लिटरवर घेतली तर निकालाला अर्थच नाही. गॅरेजमधली १०० मिलीची बाटली त्याहून बेभरवशाची: १० मिली इकडेतिकडे झालं की १० टक्के गेले, आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये आधीचं पेट्रोल असतंच.

किमीचं मीटर तपासायला हमरस्त्याच्या सरळ भागात २० किमीचा तुकडा घ्या आणि मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. घाटात नको, वळणांवर जीपीएस कोपरे कापतं. मीटर २०.६ दाखवत असेल आणि खरं अंतर २० असेल तर यापुढे मीटरचे किमी ०.९७ ने गुणायचे. टायर बदलला असेल तर हे करावंच लागतं. १६५/८० आर१४ काढून १७५/७० आर१४ बसवला तर चाकाचा व्यास ६२० मिमीवरून ६०१ वर येतो. मीटर ४०० दाखवेल तेव्हा गाडी ३८८ किमीच चाललेली असते. अ‍ॅव्हरेज ‘वाढलं’ असं वाटतं ते यामुळे. टायर झिजल्यानेही दीड-दोन टक्के असेच वाढतात.

डॅशबोर्डवरच्या तात्कालिक आकड्यावर विश्वास ठेवू नका. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना गिअरमध्ये पाय उचलला की इंजेक्टर बंद होतात, लिटर शून्य होतात आणि किमी/लिटरचा आकडा अनंताकडे जातो. म्हणून पडदा ९९.९ वर अडकतो. सिग्नलला उभ्या गाडीचा तोच आकडा शून्य. लिटर/१०० किमीत हे नेमकं उलट होतं. अनंत आणि शून्य यांची सरासरी कुणालाच काढता येत नाही. (उतारावर न्यूट्रल करू नका, ब्रेक तापतात आणि इंजिन आयडलिंगचं इंधन घेतच राहतं.)

कंपनीच्या आकड्याशी तुलना करतानाही भान ठेवा. एकक बदललं म्हणून चाचणी बदलत नाही. अमेरिकी लेबलचा आकडा रस्त्याच्या जवळ यावा म्हणून मुद्दाम उतरवलेला असतो. आपल्याकडचा छापील आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरच्या सौम्य चाचणीचा असतो. पुतण्याचे १३.६ आणि आपल्या माहितीपत्रकातले २० हे एका तराजूत बसत नाहीत. जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असेल तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जाच ६ ते ७ टक्के कमी असते, तेवढी घट गाडीची खोड समजू नका.

वहीत तीनच रकाने ठेवा: तारीख, किमी, पावतीवरचे लिटर. अ‍ॅव्हरेजचा रकाना ठेवला की त्याची सरासरी काढायचा मोह होतो. समजा पिकअपने एका भरण्यात १५ लिटरवर २४० किमी आणि दुसऱ्यात ३८ लिटरवर ४१८ किमी काढले. रकान्यात १६ आणि ११ दिसतील आणि हात १३.५ लिहील. एकूण ६५८ किमीला एकूण ५३ लिटरने भागा: १२.४.